मुठीतल्या कन्सोलचे विजेचे अंदाजपत्रक : देखणे चित्र की दीर्घ खेळ?

निन्टेंडो या जपानी कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या ‘स्विच’ या हँडहेल्ड गेमिंग कन्सोलची सुधारित आवृत्ती बाजारात आणली. पडदा तेवढाच, वजन जवळपास तेवढेच, किंमत तीच आणि बॅटरीची क्षमताही ४,३१० मिलिअॅम्पिअर-तास, म्हणजे पूर्वीइतकीच. तरीही ‘द लिजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम जुन्या स्विचवर सुमारे तीन तास चालत होता, तो नव्या स्विचवर सुमारे साडेपाच तास चालू लागला. चित्राच्या दर्जात घट झाली नव्हती. मॉडेल क्रमांक पाहिल्याशिवाय दोन्ही यंत्रांतील फरक ओळखणेही अवघड होते.

बदलली होती ती आतली चिप. २०१७ च्या मूळ स्विचमध्ये एनव्हिडियाची ‘टेग्रा एक्स१’ ही चिप २० नॅनोमीटर तंत्रावर बनवलेली होती. त्याच रचनेची चिप पुढे १६ नॅनोमीटर तंत्रावर तयार करण्यात आली. तेच काम कमी विजेत होऊ लागले आणि वाचलेली वीज कंपनीने वेग वाढवण्याकडे न वळवता खेळाचे तास वाढवण्याकडे वळवली.

हँडहेल्ड कन्सोलच्या रचनेतील मूळ पेच या एका उदाहरणात दिसतो. भिंतीतील प्लगला जोडलेल्या यंत्राला वीज हवी तेवढी मिळते. हातातल्या यंत्राला मात्र बॅटरीत साठवलेल्या मोजक्या विजेत चित्र, आवाज, पडदा, पंखा आणि वाय-फाय असा सगळा संसार चालवावा लागतो. म्हणूनच अशा यंत्राबाबत ‘ते किती ताकदवान आहे’ यापेक्षा ‘एका वॉटमध्ये ते किती काम करते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

सोळा वॉट-तासांचा संसार

बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. स्विचच्या बॅटरीत साधारण १६ वॉट-तास ऊर्जा मावते. हा गेम तीन तास चालतो, याचा अर्थ संपूर्ण यंत्र सरासरी सव्वापाच वॉटच्या आसपास वीज वापरते. साडेपाच तास चालणारे नवे यंत्र तोच गेम तीन वॉटपेक्षा कमी विजेत चालवते. घरात वापरला जाणारा ‘प्लेस्टेशन ५’ जड गेम चालवताना सुमारे २०० वॉट वीज घेतो. घरातील कन्सोल आणि हातातील कन्सोल यांच्या वीजवापरात असे चाळीसपटींचे अंतर असू शकते.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीच्या ‘स्टीम डेक’ने फेब्रुवारी २०२२ मध्ये संगणकावरचे गेम हातातल्या यंत्रावर आणले. त्याची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे आणि ती दोन ते आठ तास टिकेल, असे कंपनीने सांगितले होते. दोन तास म्हणजे सरासरी २० वॉट आणि आठ तास म्हणजे ५ वॉट. यंत्र एकच, बॅटरीही एकच. मात्र गेम कोणता आणि तो कोणत्या सेटिंगवर चालवला जातो यावर वीजवापर चौपट बदलतो. खोक्यावर छापलेला ‘दोन ते आठ तास’ हा आकडा म्हणूनच आश्वासनापेक्षा मर्यादांचे वर्णन अधिक असते.

या विजेचे वाटपही आतल्या आत होत असते. आजच्या बहुतेक हँडहेल्ड यंत्रांत मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर एकाच चिपवर असतात आणि दोघांना मिळून विजेची एकच मर्यादा असते. स्टीम डेकच्या चिपसाठी ती ४ ते १५ वॉट आहे. मुख्य प्रोसेसरने गरजेपेक्षा अधिक वीज खाल्ली, तर ग्राफिक्सचा वाटा तेवढा घटतो. त्यामुळे काही गेममध्ये मुख्य प्रोसेसरचा वेग किंचित रोखल्यावर चित्राची गती उलट सुधारल्याचे दिसते. घरखर्चाच्या ठरलेल्या रकमेत एका खात्यावर जास्त खर्च झाला की दुसऱ्याला कात्री लागते, तसाच हा प्रकार आहे.

शेवटचा वॉट महाग का पडतो?

चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती ढोबळमानाने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे घड्याळगती, म्हणजे ते सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात. दुसरी म्हणजे त्यांना दिलेला विद्युतदाब, म्हणजेच व्होल्टेज. घड्याळगती दुप्पट झाली की खर्च दुप्पट होतो. व्होल्टेज दुप्पट झाले, तर खर्च चौपट होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अडचण अशी की घड्याळगती एका मर्यादेपलीकडे वाढवायची असेल, तर व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणजे दोन्ही बाजूंनी खर्च चढतो.

समजा, घड्याळगती २० टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेज १५ टक्क्यांनी वाढवावे लागले. गणित केल्यास वीजवापर जवळपास ५९ टक्क्यांनी वाढतो. पाचव्या हिश्शाचा वेग मिळवण्यासाठी निम्म्याहून अधिक जादा वीज द्यावी लागते. उलट दिशेने हेच गणित लाभाचे ठरते. गती २० टक्क्यांनी आणि तिच्यासोबत व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी केले, तर सुमारे ३५ टक्के वीज वाचते.

म्हणूनच हातातल्या यंत्रांसाठी चिप बनवताना मोजकी गणन-एकके वेगाने पळवण्याऐवजी अधिक एकके संथ गतीने चालवण्याकडे अभियंत्यांचा कल असतो. अर्थात या मार्गालाही तळ आहे. व्होल्टेज एका पातळीखाली गेले, तर ट्रान्झिस्टर भरवशाने काम करत नाहीत. शिवाय काम नसतानाही चिपमधून थोडी वीज झिरपतच असते. त्यामुळे गती कमी-कमी करत गेल्यास एका टप्प्यानंतर बचत थांबते आणि खेळ मात्र अडखळू लागतो. या दोन टोकांच्या मधला, प्रत्येक वॉटमागे सर्वाधिक काम देणारा पट्टा शोधणे हे रचनाकारांचे खरे काम असते.

आसुस कंपनीचा ‘रॉग अॅलाय’ २०२३ मध्ये भारतात सुमारे ७० हजार रुपयांना विक्रीस आला. त्यात चिपसाठी १०, १५ आणि २५ वॉट असे बॅटरीवरील तीन पर्याय देण्यात आले. त्याची बॅटरीही ४० वॉट-तासांचीच होती. २५ वॉटच्या पर्यायात चिप सतत पूर्ण भाराने चालली, तर एकटी चिपच ही बॅटरी ९६ मिनिटांत रिकामी करील. पडदा आणि पंख्याचा खर्च त्यावर वेगळा. दीडपटीहून अधिक वीज देऊनही १५ वॉटच्या तुलनेत चित्राची गती त्या प्रमाणात वाढत नाही. जाहिरातीत वेगाचा कमाल आकडा ठळक दिसत असला, तरी बॅटरीवर खेळताना मधलाच पर्याय बहुधा शहाणपणाचा ठरतो.

पेन्सिल सेलच्या काळातला धडा

हा पेच आजचा नाही. निन्टेंडोने एप्रिल १९८९ मध्ये जपानमध्ये ‘गेम बॉय’ आणला, तेव्हा रंगीत पडदा बनवणे अशक्य नव्हते. त्याच वर्षी आलेल्या ‘अटारी लिंक्स’मध्ये मागून प्रकाशित होणारा रंगीत पडदा होता आणि १९९० मध्ये आलेल्या सेगाच्या ‘गेम गिअर’मध्येही तो होता. गेम बॉयच्या पडद्यावर मात्र हिरवट पार्श्वभूमीवर केवळ चार छटा दिसत आणि प्रकाशाची सोय नसल्याने उजेडात बसूनच खेळावे लागे.

फरक सेल बदलताना कळत असे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चालायचा. लिंक्स आणि गेम गिअर सहा सेल घेत आणि चार-पाच तासांत, कधी त्याआधीच, बंद पडत. सेल पुन्हा पुन्हा विकत आणण्याचा भुर्दंड मुलांच्या खाऊच्या पैशांवर किंवा पालकांच्या खिशावर पडत असे. पुढे गेम बॉय आणि गेम बॉय कलर यांची मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विक्री झाली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. या यशात कमी किमतीचा आणि ‘टेट्रिस’सारख्या गेमचाही मोठा वाटा होता, पण खेळ मध्येच बंद न पडणे हेही त्यातले महत्त्वाचे कारण होते.

गेम बॉयच्या निर्मितीमागील अभियंते गुनपेई योकोई यांचा विचार स्पष्ट होता. जे तंत्र जुने, स्वस्त आणि पूर्ण परिचयाचे झाले आहे, त्याचा नव्या कल्पकतेने वापर करावा, असे ते मानत. त्यांच्या दृष्टीने वीज वाचवणे ही तडजोड नव्हती. खेळाचा अनुभव तिच्यावरच उभा होता.

सोनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ची कथा याच धड्याची दुसरी बाजू दाखवते. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या या यंत्राचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झ वेगाने चालू शकत होता, पण गेमसाठी तो २२२ मेगाहर्ट्झवर रोखून ठेवण्यात आला होता. बॅटरी टिकावी हे त्यामागचे प्रमुख कारण मानले गेले. २००७ मध्ये सॉफ्टवेअर बदलून ही मर्यादा उठवण्यात आली आणि ज्या गेमला खरोखर गरज आहे, त्यालाच पूर्ण वेग वापरण्याची मुभा मिळाली.

डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्यांचा खर्च

ग्राफिक्स प्रोसेसरचा बराचसा वेळ पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ठरवण्यात जातो. १२८० गुणिले ८०० चा पडदा सुमारे १० लाख २४ हजार पिक्सेलचा असतो. १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे ‘फुल एचडी’ पडदा सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेलचा. पडद्याचा आकार तोच ठेवून तपशील वाढवला, तर काम जवळपास दुप्पट होते. सात इंची पडद्यावर हा फरक डोळ्याला मात्र दुपटीने जाणवत नाही. स्टीम डेकच्या पडद्यावर एका इंचात सुमारे २१५ पिक्सेल असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते ९२ च्या आसपास भरतात.

स्विचने ही गोष्ट सुरुवातीपासून रचनेतच गृहीत धरली होती. हातात असताना त्याचा पडदा ७२० ओळींचे चित्र दाखवतो. टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमध्ये ठेवल्यावर वीज भिंतीतून मिळते, चिपचा वेग वाढतो आणि चित्र १०८० ओळींपर्यंत जाऊ शकते. ज्या ठिकाणी वीज मुबलक आणि पडदा मोठा, तिथेच जास्तीचे पिक्सेल, असे हे सूत्र होते.

दुसरा मोठा खर्च चित्रांच्या संख्येचा असतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील, तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि ३० चित्रांसाठी ३३.३ मिलिसेकंद. या दोन वेळांचा नेमका मध्य म्हणजे २५ मिलिसेकंद, अर्थात सेकंदाला ४० चित्रे. व्हॉल्व्हने स्टीम डेकचा पडदा सेकंदाला ४० वेळा ताजा होईल अशी सोय २०२२ मध्ये दिली, तेव्हा अनेक खेळाडूंनी हा पर्याय उचलून धरला. साठऐवजी चाळीस चित्रे काढल्याने ग्राफिक्सचे काम एक तृतीयांशाने घटते, हालचालीतील सहजता मात्र तीसच्या तुलनेत स्पष्टपणे सुधारते. पडद्याचा वेगही चाळीसवर आणल्याने चित्रे समान अंतराने येतात आणि धक्के बसत नाहीत.

तिसरा मार्ग चित्र लहान काढून मोठे करण्याचा आहे. एएमडीचे ‘एफएसआर’ आणि एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’ ही तंत्रे कमी पिक्सेलमध्ये काढलेले चित्र मोठ्या पडद्यासाठी पुन्हा रचतात. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’मध्ये डीएलएसएसची सोय आहे. या पुनर्रचनेसाठीही वीज लागतेच, पण प्रत्येक पिक्सेल मुळापासून काढण्यापेक्षा ती बहुधा कमी पडते. चित्र फारच लहान काढले, तर केस, जाळ्या, पाने यांसारख्या बारीक तपशिलांत थरथर दिसू लागते. त्यामुळे इथेही मर्यादा ओळखावी लागते.

स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, खर्च अनेकदा नजरेआड राहतो. चिपबाहेरील मेमरीतून माहिती आणण्यास प्रत्यक्ष आकडेमोडीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागू शकते. मोबाइल फोनमधील बहुतेक ग्राफिक्स प्रोसेसर यासाठी चित्राचे लहान-लहान चौकोन पाडतात आणि एकेका चौकोनाचे काम चिपवरच्या छोट्या मेमरीत पूर्ण करून मगच निकाल बाहेर पाठवतात.

पस्तीस अंशांपलीकडचा उन्हाळा

चिपमध्ये खर्च झालेली जवळपास सगळी वीज अखेर उष्णतेत बदलते. घरातील कन्सोलला मोठा पंखा आणि मोकळी हवा असते. हातातल्या यंत्रात ही उष्णता बॅटरीपासून काही सेंटिमीटरवर आणि खेळणाऱ्याच्या तळहातांच्या मध्ये निर्माण होते.

युरोपात जुलै २०२२ मध्ये उष्णतेची लाट आली असताना व्हॉल्व्हने स्टीम डेकविषयी सूचना दिली होती. यंत्र ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात सर्वोत्तम चालते, चिप १०० अंशांना पोहोचली की वेग कमी केला जातो आणि १०५ अंशांना यंत्र बंद होते, असे त्यात नमूद होते. स्विच ५ ते ३५ अंशांच्या दरम्यान वापरावा, असा सल्ला निन्टेंडोनेही दिला.

नागपूर, दिल्ली किंवा जयपूर येथील मे महिन्यातील दुपारी ही मर्यादा किती अपुरी ठरते, हे वेगळे सांगायला नको. बाहेरची हवाच ४० अंशांपलीकडे असेल, तर यंत्रातील उष्णता बाहेर जाण्यास वाव उरत नाही. मग चिप स्वतःचा वेग कमी करते आणि खरेदी करताना वाचलेला कमाल वेग नेमका हवा तेव्हा मिळत नाही. सुरुवातीपासूनच कमी वॉटवर चाललेले यंत्र अशा वेळी अधिक स्थिर खेळ देते.

भारतात बहुसंख्य लोक मोबाइल फोनवर गेम खेळतात आणि बहुतेक फोनमध्ये पंखाच नसतो. पहिली दहा मिनिटे सफाईने चाललेला गेम नंतर अडखळू लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. फोनमध्ये चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेवला, तर खेळाचा वेग शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता वाढते.

उष्णतेचा दुसरा घाव बॅटरीच्या आयुष्यावर होतो. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगच्या फेऱ्यासोबत थोडी झिजते आणि गरम अवस्थेत पूर्ण भरलेली राहिल्यास अधिक वेगाने झिजते. स्विच २ मध्ये चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याचा पर्याय देण्यात आला आहे, तो यासाठीच. जे यंत्र रोज दोन तासांत रिकामे होते, त्याच्या बॅटरीचे फेरे सहा तास टिकणाऱ्या यंत्राच्या तुलनेत लवकर भरतात. वीजवापराचा हिशेब असा वर्षांनंतर ग्राहकाच्या खिशापर्यंत येऊन पोहोचतो.

मोठी बॅटरी हे उत्तर आहे का?

काही प्रमाणात निश्चितच आहे. रॉग अॅलायच्या २०२४ मधील ‘एक्स’ या आवृत्तीत बॅटरी थेट दुप्पट, म्हणजे ८० वॉट-तासांची करण्यात आली. वजन ६०८ ग्रॅमवरून ६७८ ग्रॅम झाले. मूळ स्विचचे वजन नियंत्रकांसह ४०० ग्रॅमच्या आत आहे. तासभर दोन्ही हात अधांतरी ठेवून खेळणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. शिवाय विमान प्रवासात विशेष परवानगीविना नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. त्यामुळे बॅटरी वाढवत नेण्यालाही भिंत आहे.

व्हॉल्व्हने २०२३ मध्ये स्टीम डेकची ओलेड आवृत्ती आणताना सगळ्या बाजूंनी थोडे-थोडे मिळवले. चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटर तंत्रावर आली, बॅटरी ५० वॉट-तासांची झाली आणि पडद्यावरील काळा भाग प्रकाश न देणारा, म्हणून वीजही जवळपास न खाणारा झाला. वापराचा कालावधी दोन ते आठ तासांवरून तीन ते बारा तासांवर गेला आणि वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० ग्रॅमपर्यंत उतरले. ग्राफिक्सची ताकद मात्र जाणीवपूर्वक जवळपास तेवढीच ठेवण्यात आली. विजेच्या कार्यक्षमतेचा बळी न देता मोठी झेप शक्य होईपर्यंत पुढच्या पिढीचे यंत्र आणणार नाही, अशी भूमिका कंपनीने तेव्हा मांडली होती.

चिपचे तंत्र आणखी सूक्ष्म होत गेले की ही कोंडी आपोआप सुटेल, अशी आशा पूर्वी बाळगली जात असे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान होताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येते आणि तेवढ्याच जागेत अधिक काम तितक्याच विजेत होते. २००५ च्या आसपास हा लाभ आटू लागला. नव्या तंत्राने आजही वीज वाचते, पण पूर्वीसारखी फुकटात नाही. चिपचा खर्चही वाढत जातो.

ग्राहकाने काय पाहावे?

हँडहेल्ड कन्सोल घेताना कमाल वेगाआधी बॅटरीचे वॉट-तास पाहावेत आणि यंत्र साधारण किती वॉटवर चालते, त्याने त्यांना भागावे. मिळणारा आकडा हा खेळाच्या तासांचा सर्वांत प्रामाणिक अंदाज असतो. यंत्र हाती आल्यावर चित्रांची गती ४० किंवा ३० वर बांधणे, पडद्याचा प्रकाश गरजेपुरता ठेवणे आणि सावल्या, प्रतिबिंबे यांसारखे महागडे परिणाम एक पायरी खाली आणणे, हे तीन उपाय पैसे न लागता तास वाढवतात. साधा द्विमितीय गेम खेळताना गतीला मर्यादा घातली नसेल, तर यंत्र सेकंदाला शेकडो चित्रे काढत राहते आणि पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या चित्रांवर बॅटरी संपते.

पस्तीस वर्षांपूर्वी चार छटांच्या हिरवट पडद्याने रंगीत पडद्यांना मागे टाकले होते. आजच्या यंत्रांत पिक्सेल लाखांनी वाढले आहेत, तरी निकष फारसा बदललेला नाही. खेळ रंगात आलेला असताना हातातले यंत्र चालू आहे की नाही, यावरच खेळणारा त्याची पारख करतो.